स्तामेना बारा

लेपोसावाबाई पहिल्यांदा आमच्या गावात आली तेव्हा मी मनात म्हटलं, ही चार दिवसांत पळणार. शहरातल्या प्रयोगशाळेतली बाई, पायात पांढरे बूट, हातात बर्फाची पेटी, आणि काम काय तर मेंढ्यांच्या रक्तात नि दुधात जंतू शोधायचे. पण ती पळाली नाही. चार वर्षं येत राहिली. बूट पहिल्याच वसंतात काळे झाले.

मी त्रायको. छत्तीस वर्षं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मदतनीस होतो. डॉक्टर बदलत गेले, मी तिथेच. मेंढी कशी धरायची, मानेची शीर कुठे सापडते, कुठला मालक खोटं बोलतो आणि कुठला फार खोटं बोलतो, हे सगळं मला ठाऊक. त्यामुळे बाईंच्या कामाला मलाच जुंपलं. त्या मला काका म्हणायच्या. मी त्यांना बाई म्हणायचो आणि पाठीमागे बरंच काही म्हणायचो, ते आता सांगत नाही.

त्यांच्या संशोधनाचा विषय होता ब्रुसेला. आमच्याकडे जुनी माणसं त्याला माल्टाचा ताप म्हणतात. मेंढी गाभडते, जंतू दुधात उतरतो, दुधातून कच्च्या चीजमध्ये जातो आणि तिथून माणसात. माणसाला ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, सांधे धरतात. पोटुशी बाई असली तर मूल जातं. हा जंतू आमच्या चीजमध्ये किती दिवस जिवंत राहतो ते बाईंना मोजायचं होतं. दूध उकळा, असं त्या सांगायच्या. नाहीतर निदान दोन महिने चीज मिठाच्या पाण्यात ठेवा आणि मगच खा. आमच्या बाचियाचा, म्हणजे गावच्या सामाईक कळपाचा, मुख्य वेलिन, माझा चुलतभाऊ, त्यांना म्हणाला होता की बाई, तुमच्या जंतूंनासुद्धा आमचं चीज आवडतं, म्हणजे ते चांगलंच असणार. सगळे हसले. मीही हसलो.

मला खरं तर हसायला नको होतं. माझ्या घरात सून होती, झागोर्का. लग्नाला आठ वर्षं झाली होती, दोनदा पोट राहिलं आणि दोनदा गेलं. त्या वर्षी जानेवारीत तिसऱ्यांदा राहिलं. माझा मुलगा स्लाविशा तिला पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नव्हता. मी तोंडाने काही बोलायचो नाही, पण रोज सकाळी उठल्यावर आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायचो. माझा सगळा जीव त्या पोटात अडकला होता. हे मी आज उघड सांगतो. तेव्हा कुणी विचारलं असतं तर शिवी दिली असती.

आमच्या बाचियात सात घरं. उन्हाळाभर सगळ्यांच्या मेंढ्या एकाच कळपात डोंगरावर चरतात, सगळ्यांचं दूध एकाच कढईत पडतं आणि चीजची वाटणी होते. कुणाला किती, हे एकाच दिवशी ठरतं. मे महिन्यात ज्युर्जेवदानचा सण झाला की मापाचा दिवस येतो. त्या दिवशी प्रत्येक घराच्या मेंढ्या वेगळ्या काढून चिंचोळ्या फाटकातून एकेक करून सोडतात. घरवाला फाटकाशी बसून धार काढतो, मग बादलीत रेघांची काठी बुडवून दूध मोजतात. जितक्या रेघा भिजल्या तितका उन्हाळाभरचा वाटा.

बाईंनी हाच दिवस निवडला, आणि त्यात त्यांची चूक काढायला जागा नव्हती. वर्षात या एकाच दिवशी सगळी मेंढरं घरवार वेगळी मिळतात आणि एकेक समोरून जाते. त्या वर्षी कानातले नंबराचे बिल्ले वरून आलेच नव्हते. तेव्हा बाईंनी ठरवलं की नळीवर घराचं नाव आणि फाटकातून आलेल्या मेंढीचा क्रम लिहायचा. वेलिन एक, वेलिन दोन, अशी. प्रत्येकीचं रक्त घ्यायचं आणि थोडं दूध. साधं काम, सुटसुटीत.

फक्त एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती, आणि ती त्यांना कुणी सांगणार नव्हतं.

ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलंय, त्या घराच्या मेंढ्यांमध्ये मापाच्या दिवशी बाकीच्यांपैकी ज्यांना जमेल ती घरं आपापली एक चांगली दुभती मेंढी घालतात. तिच्या पाठीवर त्या घराच्या रंगाचा खडूचा पट्टा ओढतात, पहिल्या पावसात तो धुऊन जातो. माप भरघोस येतं, घराला वाटा जास्त मिळतो. हे मेलेल्याच्या नावाने असतं. आणि याबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नसतं. देणाऱ्याने नाही, घेणाऱ्याने नाही. बोललं की ते दान राहत नाही, उपकार होतो, आणि मेलेला तिकडे उपाशी राहतो. माझ्या आज्याने मला हे कधी सांगितलं नव्हतं. मी फक्त बघत मोठा झालो.

त्या जानेवारीत ग्रादिमिर गेला होता. माझ्या बरोबरीचा, शाळेपासूनचा. मागे राहिली त्याची बायको स्तामेना आणि नऊ मेंढ्या. मूलबाळ नाही.

मापाच्या दिवशी स्तामेनावहिनी काळा रुमाल बांधून फाटकाशी बसली. तिच्या नऊ मेंढ्या गेल्या. मग निळ्या पट्ट्याच्या पाच आल्या. दहावी माझी होती. मीच तिला धरली, बाईंनी रक्त घेतलं आणि नळीवर लिहिलं, स्तामेना दहा. मी चूप. अकरावी सुताराच्या घरची. बारावी वेलिनची. काय कास होती तिची, भोपळ्यासारखी. वहिनीच्या हाताला दमवलं तिने. आजूबाजूची माणसं मान डोलवत होती, वेलिनने हात आखडता घेतला नाही, उत्तम मेंढी दिली म्हणून. मलाही भरून आलं होतं. बाईंनी विचारलं, हिचं कोकरू कुठेय? वेलिन म्हणाला, कोल्ह्याने नेलं.

छत्तीस वर्षं मी हेच काम केलं आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. कोकरू नसलेल्या मेंढीची कास भरलेली असणारच. ज्या मेंढीचं दूध कुणी पीत नाही तीच सगळ्यांत दुभती दिसते. गावाने जिला सर्वांत उत्तम म्हणून निवडलं ती फेब्रुवारीत गाभडलेली होती. असो.

तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला. आवाजात आनंद होता, आणि त्या आनंदाची त्यांना लाज वाटत होती तेही कळत होतं. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या काचेच्या ताटलीत जिवंत जंतू वाढला होता, दुधातून, आणि रक्ताची चाचणीही पक्की. दोनशे तीस मेंढ्यांत एकच. स्तामेना बारा.

मी तो आकडा पुन्हा विचारला. बाईंना वाटलं मला स्तामेनाचं वाईट वाटतंय.

मी तडक वेलिनकडे गेलो. तो कुंपण दुरुस्त करत होता. मी म्हटलं, ती तुझी आहे, ती गाभडली होती आणि तुला ठाऊक होतं. त्याने हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, गाभडली तर गाभडली, मेंढ्या गाभडतातच. आणि त्याने मला समजावलं, अगदी प्रेमाने. आज तू तोंड उघडलंस तर सरकारी माणसं विचारतील, कुणाची कुठली कुणात मिसळली? एकाही मेंढीचा भरवसा राहणार नाही. मग सातही घरांच्या घेऊन जातील. दोनशे तीस. तुझ्यासुद्धा. आणि वर ग्रादिमिरच्या दानाची गावभर दवंडी.

"मग बाराव्या मेंढीचं काय?" मी विचारलं.

"शनिवारी कापतो. संपला विषय."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. ठेवायचाच होता मला. घरी येऊन झागोर्काला बजावलं की बाचियाचं चीज या वर्षी तोंडात घालायचं नाही, दूध नाही, ताक नाही. तिने का म्हणून विचारलं नाही. पोरगी शहाणी होती, हो म्हणाली आणि त्या दिवसापासून दुकानातलं आणून खाऊ लागली. मला वाटलं, झालं, मी माझ्यापुरतं दार लावून घेतलं.

त्याच आठवड्यात निरीक्षक आला, ट्रक घेऊन. नियम असा की बिल्ले नसतील तर ज्या घराच्या नावावर जंतू सापडला त्या घराची सगळी मेंढरं जायची. मेंढपाळाने कळपातून स्तामेनाची मेंढरं वेगळी काढली. नऊ. बाई वही उघडून उभ्या होत्या. वहीत चौदा.

त्यांनी पुन्हा मोजली. मग निरीक्षकाला म्हणाल्या की बारावी यांत नसेल, उरलेल्या पाचांत असेल. या नऊंचं रक्त मला परत तपासू द्या, चार दिवस द्या. निरीक्षक म्हणाला की घरच नापास झालंय, मग कितवी ते कशाला हवं? ट्रक आज आहे, पुन्हा कधी मिळेल देव जाणे. वेलिन मध्ये पडला आणि म्हणाला की पाच विकल्या असतील स्तामेनाने, विधवा बाई, गरज असते. निरीक्षकाने ते लिहून घेतलं. त्याला घरी जायची घाई होती.

मग बाई माझ्याकडे वळल्या.

"काका, त्या पाच कुठे आहेत? तुम्ही प्रत्येक मेंढी धरली होती."

सगळं गाव उभं होतं. मी म्हणालो, मला आठवत नाही. छत्तीस वर्षं मेंढ्या ओळखणारा माणूस, आणि मला आठवत नाही. बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यांना कळलं होतं की मी खोटं बोलतोय, पण कशासाठी ते कळत नव्हतं.

आणि स्तामेनावहिनी. ती एका वाक्यात सुटली असती. बारावी माझी नाही, एवढंच म्हणायचं होतं तिला. तिने ओठ मिटून घेतले होते. तिच्या दृष्टीने ते वाक्य बोलणं म्हणजे ग्रादिमिरच्या तोंडचा घास काढणं होतं. मेंढ्या एकेक करून फळीवरून ट्रकमध्ये चढल्या. शेवटची म्हातारी मेंढी राहिली तेव्हा वहिनी मला म्हणाली:

"त्रायको, ही चढताना अडखळते. तिला तू धर."

मी धरली. चढवली. घरी येऊन हात धुतले आणि स्लाविशावर उगाच ओरडलो, कुऱ्हाड जागेवर का नाही म्हणून.

जुलैच्या पहिल्या रविवारी ग्रादिमिरचं सहा महिन्यांचं स्मरण होतं. सकाळची प्रार्थना झाली आणि सगळे कबरीपाशी जमलो. गावाने एक गोष्ट मात्र नीट केली होती, स्तामेनाचा वाटा कापला नव्हता. मेंढ्या गेल्या तरी काठीच्या रेघा तेवढ्याच धरल्या होत्या, चौदा मेंढ्यांच्या. त्याचंच पांढरं चीज तिने आणलं होतं, ताजं, पाच-सहा दिवसांचं, ओल्या फडक्यात. स्वतःकडे काही उरलं नसताना वहिनीने टोपलीभर भाकऱ्या भाजल्या होत्या. भाकरी, त्यावर चीज, आणि एक मेणबत्ती. मेलेल्याच्या नावाने दिलेला घास आमच्यात कुणी नाकारत नाही. आजारी माणूससुद्धा ओठाला लावतो.

आणि वहिनी सरळ झागोर्काकडे आली. सहावा सरत आला होता, पोट दिसत होतं. वहिनीचा चेहरा किती महिन्यांनी जरा उजळला होता. म्हणाली, पहिला घास तुला गं, तुझ्या बाळाने खाल्ला की माझ्या माणसाला पोहोचला.

झागोर्काने हात पुढे केला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण माझं स्वतःला बरंच काही सांगून झालंय. मी तेव्हा मनाशी हिशेब केला. वेलिनने मेंढी कापून तीन आठवडे होऊन गेले. हे चीज नवीन दुधाचं आहे. म्हणजे धोका नाही. आणि नको म्हटलं तर? जिच्या नऊ मेंढ्या आमच्या एका मेंढीपायी गेल्या, तिच्याच हातचा घास तिच्याच नवऱ्याच्या कबरीवर विटाळ म्हणून नाकारायचा? तिच्या तोंडावर? का नको ते सांगायचं, तर सगळंच सांगावं लागलं असतं. समोर वेलिन उभा होता, टोपी हातात घेऊन, जमिनीकडे बघत. तेव्हाच मला कळायला हवं होतं, तो माझ्याकडे का बघत नाही ते.

मी तोंड फिरवलं. पुजारी धूप हलवत होता, त्याच्याकडे बघत राहिलो. पुन्हा वळलो तेव्हा झागोर्का चावत होती, हळूहळू, डोळे मिटून, प्रसादासारखं.

जुलैच्या शेवटी तिला ताप आला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घाम फुटून उतरायचा. मी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि तीन दिवस स्वतःला सांगत राहिलो की उन्हाचा ताप आहे. चौथ्या दिवशी तिला शहरातल्या इस्पितळात नेलं. मूल पोटातच गेलं होतं. मुलगा होता. स्लाविशाने त्याला पाहिलं. मी नाही पाहिलं, माझी हिंमत झाली नाही.

इस्पितळाने झागोर्काचं रक्त लेपोसावाबाईंच्या प्रयोगशाळेत पाठवलं. चार दिवसांनी बाई स्वतः आल्या आणि आम्ही इस्पितळाच्या मागच्या बाकावर बसलो. त्यांनी सांगितलं की जंतू वाढला, आणि तो अगदी तोच आहे, स्तामेना बाराचा. मग म्हणाल्या की त्या दिवशी कत्तलखान्यात त्यांनी स्वतः उभं राहून नऊही मेंढ्यांच्या, जंतू जिथे दडतो त्या, गाठी काढून घेतल्या होत्या, संशोधनासाठी. नऊही स्वच्छ निघाल्या. वरच्या ऑफिसला त्यांनी तीन पत्रं लिहिली की चुकीची मेंढरं मारली गेलीत, खरी अजून कळपात आहे. एकाचंही उत्तर आलं नाही. बाचियाचा मुख्य म्हणून वेलिनला चारदा फोन केला, चारदा त्याने ठेवून दिला.

मग मी सांगितलं. सगळं. मापाचा दिवस, निळा पट्टा, पाच घरं, बारावी कुणाची, वेलिनचं वचन.  मला वाटलं बाई रागावतील, मी वाटच बघत होतो त्याची. त्या फक्त म्हणाल्या, "काका, मापाच्या दिवशी संध्याकाळी मला कानात सांगितलं असतंत ना, तर मी एका मेंढीचं नाव लिहिलं असतं आणि गावाला कळूही दिलं नसतं."

मी विचारलं, खरंच? त्या म्हणाल्या, मला एक मेंढी हवी होती, गाव नको होतं.

त्यांनी त्याच दिवशी अहवाल दिला. या वेळी मात्र माणूस मेल्याचं कारण होतं, म्हणून वरचं ऑफिस हललं. पण त्यांना ट्रक जमवायला नऊ दिवस लागले, आणि ऑफिसात आमच्या सुताराचा भाचा कामाला आहे. ट्रक आले तेव्हा डोंगरावर एकही मेंढी नव्हती. सात घरांनी बाचिया मोडला. कुणी तीन बाजारांत विकल्या, कुणी डोंगरापलीकडच्या सोयऱ्यांकडे हाकलल्या. वेलिनने बारावी शनिवारी कापली नव्हतीच. इतकी दुभती मेंढी कापवेना, असं तो मला म्हणाला, अगदी सहज. तिचं दूध त्या कढईत रोज पडत होतं, कबरीवरच्या चीजमध्येसुद्धा. तिला त्याने बाजारात कुण्या अनोळखी माणसाला दिली. आज ती कुठल्या कळपात आहे, कुणाला ठाऊक नाही. बाईंना लिहायचं होतं की जंतू कुठून आला आणि कुठे संपला. कुठे संपला ते लिहिताच आलं नाही. या वसंतात त्या आल्या नाहीत. प्रयोगशाळेने दुसरा विषय दिला म्हणे, कोंबड्यांचा.

स्तामेनावहिनी बहिणीकडे राहायला गेली. तिला कुणी सांगितलं का, मला माहीत नाही. मी सांगितलं नाही.

झागोर्का सप्टेंबरात घरी आली. डॉक्टरांनी सांगितलंय की आता पुन्हा नाही. एक दिवस दुपारी मी ओसरीवर बसलो होतो, ती येऊन समोर उभी राहिली. हडकली होती, पदरासारखा रुमाल गळ्याशी धरून.  वाटलं, आता विचारणार, बाबा, तुम्हाला ठाऊक होतं का? मी ठरवून टाकलं की विचारलं तर सांगायचं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही खाऊ नको म्हणाला होतात. मी ऐकलं नाही. स्तामेनाकाकूंना वाईट वाटेल म्हणून खाल्लं. तुमचा नातू माझ्यामुळे गेला. मला माफ करा."

आणि खाली वाकून तिने माझा हात कपाळाला लावला.

मी म्हणालो, "जाऊ दे बाळा. उठ."

ती उठली. डोळे पुसून स्वयंपाकघरात गेली आणि सूप ढवळू लागली.